ग्रंथालयाचा अभ्यास तुम्हीच करा: सुरुवात दाखल नोंदवहीपासून

बंद करायच्या जर्नल्सची यादी एका बैठकीत वीस मिनिटांत तयार झालेली मी पाहिली आहे. तेव्हा मी एका विज्ञान महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल होते. ज्याची वर्गणी जास्त ते बंद, एवढाच निकष. कोण वाचतं, किती वाचतं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मोजत राहिले. त्या मोजण्याची रीत इथे लिहिते आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने ग्रंथालय सांभाळणाऱ्यालाही ती जमते.

आधी एका वाक्यात प्रश्न लिहून काढा. 'वाचकांच्या गरजांचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते प्रबंधाचं शीर्षक झालं. 'आपण घेतलेल्या पुस्तकांपैकी किती गेल्या पाच वर्षांत एकदाही घरी गेली नाहीत?' हा प्रश्न. त्याला उत्तर आहे आणि ते मोजून मिळतं.

आता नमुना. पहिल्यांदा मी चुकले ती इथेच. कपाटापुढे उभी राहून दर विसावं पुस्तक काढत गेले. आठवड्याने लक्षात आलं, की ज्यांना खरी मागणी आहे ती पुस्तकं त्या वेळी वाचकांच्या घरी होती, म्हणजे माझ्या नमुन्यात ती येणारच नव्हती. कपाटावरून मोजलं की ग्रंथालय आहे त्याहून अधिक निकामी दिसतं. म्हणून नमुना काढायचा तो दाखल नोंदवहीतूनच, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांक देऊन लिहिलं जातं त्या वहीतून.

समजा नोंदवहीत 24,000 नोंदी आहेत आणि तुम्हाला 400 पुस्तकं तपासायची आहेत. 24,000 भागिले 400 म्हणजे 60. एक ते साठ आकड्यांच्या चिठ्ठ्या करून एक उचला. 37 निघाली तर दाखल क्रमांक 37, 97, 157 असं शेवटपर्यंत जा. त्या क्रमांकाचं पुस्तक हरवलेलं किंवा निर्लेखित झालेलं, म्हणजे संग्रहातून रद्द केलेलं निघालं, तर तसंच लिहा. शेजारचं पुस्तक घेऊन रकाना भरू नका. किती पुस्तकं नाहीशी झाली हेही एक उत्तरच आहे. 400 चा नमुना लहान वाटतो, पण नीट काढला असेल तर निघालेली टक्केवारी खऱ्या आकड्यापासून बहुधा पाच टक्क्यांहून फार लांब जात नाही. समितीपुढे बोलायला तेवढं पुरतं. आम्ही दोघींनी हे काम उन्हाळ्याच्या सुटीत आठ दुपारींत संपवलं.

प्रत्येक पुस्तकाची तारीखपट्टी, म्हणजे देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारायची आत चिकटवलेली पट्टी, उघडा आणि दोन गोष्टी टिपा: शेवटची तारीख आणि गेल्या पाच वर्षांतले शिक्के. संगणकावर सोल, कोहा किंवा ई-ग्रंथालय यांपैकी एखादी ग्रंथालयाची प्रणाली असेल तर देवघेवीचा अहवाल काढता येतो, पण प्रणाली ज्या वर्षी बसवली त्याच्या मागचं त्यात सापडणार नाही.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. बांधणीला जाऊन आलेल्या पुस्तकाची जुनी पट्टी बहुतेक वेळा गेलेली असते, आणि बांधणीला तेच पुस्तक जातं जे हाताळून फाटलेलं असतं. म्हणजे सर्वांत जास्त वाचलेलं पुस्तक कोऱ्या पट्टीमुळे 'कधीच न वापरलेलं' ठरतं. आमच्याकडे कार्बनी रसायनशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक असंच निर्लेखनाच्या ढिगात जाऊन पडलं होतं. परिचरांनी ते ओळखलं म्हणून वाचलं. बांधणीची वही शेजारी उघडी ठेवा आणि त्यातली पुस्तकं वेगळ्या खुणेने लिहा.

आकडा वाईट निघाला तर घाबरू नका. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये दाखल झालेली पुस्तकं पुढे तपासली, तेव्हा पहिल्या सहा वर्षांत जवळपास 40 टक्के पुस्तकं एकदाही घरी गेलेली नव्हती. 1979 मध्ये हे छापून आल्यावर तिथल्या प्राध्यापकांनी जोरदार हरकती घेतल्या. त्यातली एक हरकत मला मनापासून पटते: घरी नेणं म्हणजे सगळा वापर नव्हे. आपल्याकडे तर संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत. म्हणून सोबत टेबलांची मोजणी करा. वाचनकक्षात पाटी लावा, 'वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच ठेवा'. दुपारी आणि संध्याकाळी ती जागेवर लावण्याआधी त्यांचे दाखल क्रमांक उतरवून घ्या. पंधरा दिवस पुरेत, फक्त ते परीक्षेच्या तोंडावरचे नसावेत. अभ्यासिकेत स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसणाऱ्या मुलांची गणती वेगळी ठेवा. त्यांना तुमची जागा हवी असते, पुस्तकं नव्हेत, आणि दोन्हींचे आकडे मिसळले की काहीच कळत नाही.

जर्नल्ससाठी रीत निराळी आहे, आणि ती माझी सर्वांत आवडती. 1927 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांना आपल्यासारखाच प्रश्न पडला होता: लहान कॉलेजने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा 1926 चा खंड घेतला आणि त्यातल्या लेखांखालचे संदर्भ मोजले, एकूण 3,633. ज्या नियतकालिकाचा उल्लेख जास्त, त्याची गरज जास्त. कागद, पेन्सिल आणि चिकाटी, एवढंच भांडवल. आज उद्धरणांच्या मोजणीवर केवढा डोलारा उभा आहे, पण त्याच्या पायाशी एका लहान कॉलेजची खरेदीची अडचण होती हे मला फार मोलाचं वाटतं.

तुम्ही हेच तुमच्या विभागांचे प्रबंध आणि एम.एस्सी.चे प्रकल्प घेऊन करा. गेल्या पाच वर्षांतले पंधरावीस प्रबंध पुरतात. हाताशी नसले तर शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विद्यापीठाचे पाहा. प्रत्येक संदर्भासाठी जर्नलचं नाव आणि छापल्याचं वर्ष, दोनच रकाने. नावांचे संक्षेप आधी एकसारखे करून घ्या, नाहीतर एकच जर्नल तीन नावांनी तीन ठिकाणी दिसेल. मग उतरत्या क्रमाने लावा.

त्या यादीचा आकार कसा असेल हे लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयातले ब्रॅडफर्ड 1934 मध्येच दाखवून गेले. उपयोजित भूभौतिकीवरचे 1,332 लेख त्यांनी 326 नियतकालिकांत विखुरलेले पाहिले. त्यातल्या पहिल्या 9 नियतकालिकांत 429 लेख होते. पुढचे 499 लेख 59 नियतकालिकांत, आणि उरलेले 404 लेख तब्बल 258 नियतकालिकांत. तुमच्याही यादीत डोक्याशी मोजकी नावं आणि खाली लांबच लांब शेपूट दिसेल. डोक्याची नावं वर्गणी लावून ठेवा. शेपटीतल्या लेखांसाठी वर्गणी भरू नका, त्यांच्या प्रती मागवण्याची व्यवस्था करा. भारतात 1952 मध्ये दिल्लीला इन्सडॉक हे राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र सुरू झालं, त्याच्या कामांत शास्त्रज्ञांना अशा लेखांच्या प्रती पुरवणं हे एक मोठं काम होतं. तेव्हाची अडचण आजही तीच आहे, फक्त आता मागणी ईमेलने जाते.

जर्नल बंद करायची यादी कधीच नुसत्या किमतीवर करू नका. वर्षाची वर्गणी भागिले वर्षातला वापर, असा रकाना करा. महागडं जर्नल कधी कधी सर्वांत स्वस्त निघतं.

वाचक ज्यात पुस्तक शोधतो त्या ग्रंथालयाच्या सूचीचीही परीक्षा घ्या. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डच्या वैमानिकी महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी 1950 च्या दशकाअखेरीस 18,000 लेख चार वेगवेगळ्या पद्धतींनी अनुक्रमित करून प्रश्न विचारून पाहिले. प्रत्येक पद्धतीचा कैवारी आपलीच श्रेष्ठ म्हणत होता. प्रत्यक्षात फरक थोडा निघाला. आपण वीस खरे प्रश्न घ्यायचे, वाचकांच्याच शब्दांत लिहिलेले, आणि सूचीत शोधायचे. संग्रहात असलेल्यांपैकी किती सापडलं आणि सापडलेल्यांपैकी किती कामाचं होतं, हे दोन आकडे वेगळे लिहा. मराठी पुस्तकांचा निकाल बहुधा मान खाली घालायला लावतो: एकाच लेखकाचं आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी भरलेलं, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ, जुन्या छपाईतले अनुस्वार तसेच उतरवलेले. ही दुरुस्ती फुकट होते, आणि कुठल्याही नव्या खरेदीपेक्षा वाचकाला तिचा लाभ आधी मिळतो.

हे सगळं आपलं काम नाही, पीएच.डी. करणाऱ्यांचं आहे, असं वाटत असेल तर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन आठवा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्याआधी ते गणित शिकवत होते. 1948 मध्ये इंग्लंडमधल्या ॲस्लिब या विशेष ग्रंथालयांच्या संघटनेच्या परिषदेत त्यांनी ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना 'लायब्रमेट्री' या नावाने मांडली. पुढे 1962 मध्ये त्यांचं बंगळूरचं प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं तेही भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली.

शेवटची गोष्ट सर्वांत साधी आहे, आणि ती उद्या सकाळीच सुरू करता येते. देवघेव खिडकीवर एक वही ठेवा, तिला दोऱ्याने पेन्सिल बांधा आणि वर 'परत गेलेले वाचक' असं लिहा. हवं ते न मिळाल्यामुळे जो कोणी रिकाम्या हाताने गेला, त्याची तारीख आणि त्याने काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा. वाचकाचं नाव लिहू नका. तारीखपट्टी फक्त मिळालेल्या पुस्तकांचं सांगते. न मिळालेल्यांचं एवढ्या वहीतच सापडतं. माझ्या वहीत पहिल्याच महिन्यात एका शेतकरी बाईंनी मातीपरीक्षणावर मराठीत काही आहे का, असं विचारल्याची नोंद होती. त्याच आठवड्यात तीच मागणी आणखी दोनदा आली. पुढच्या खरेदीच्या बैठकीला मी यादी नेली नाही, ती वहीच नेली आणि ते पान उघडून अध्यक्षांसमोर ठेवलं.