ड्रेडलॉक्स: जटा वळण्यापासून त्या मुरेपर्यंत

केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले असतात. केस पुन्हापुन्हा ओले होत राहिले, एकमेकांवर घासले गेले आणि त्यांना कंगवा लागला नाही, की हे खवले एकमेकांत अडकू लागतात. त्यातच प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज साधारणपणे ५० ते १०० केस गळत असतात. विंचरणाऱ्याचे गळलेले केस कंगव्यात येतात, न विंचरणाऱ्याचे मात्र वाढत्या केसांमध्येच अडकून राहतात. गळलेल्या आणि वाढत्या केसांची ही घट्ट गुंफण म्हणजेच ड्रेडलॉक, आपल्या शब्दांत जट. ही प्रक्रिया नीट समजून घेतली, तर पुढच्या बहुतेक चुका टळतात; कारण केशरचनाकार एका दिवसात जो आकार देतो ती जट नसते, जटेची केवळ सुरुवात असते. खरे काम केस स्वतः करतात आणि त्यासाठी त्यांना ९ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा काळ लागतो. आपल्याकडे उरते ते त्यांना स्वच्छ ठेवणे, कोरडे ठेवणे आणि विनाकारण हात न लावणे.

सुरुवात करण्यापूर्वी

पहिली तपासणी टाळूची करावी. सतत खाज येत असेल, कोंड्याची जाड पापुद्री निघत असेल, पुरळ असेल किंवा केस विरळ होत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून उपचार घ्यावेत. जटा वळल्यानंतर टाळूवर औषध लावणे आणि ते धुऊन काढणे, दोन्ही कष्टाचे होते. नुकतेच ब्लीच केलेले किंवा रसायनांनी सरळ केलेले केसही या कामाला योग्य नसतात. असे केस आधीच कमकुवत झालेले असतात आणि पिळाचा ताण पडताच मधूनच तुटतात. सरळ केलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबणे कंटाळवाणे असले, तरी मी तोच सल्ला देईन.

लांबी किती हवी, हे केसांच्या जातीवर ठरते. घट्ट कुरळ्या केसांना ५ सेंटिमीटर लांबीही पुरते. सरळ किंवा किंचित लहरी केस मात्र किमान १५ सेंटिमीटर असावेत, कारण गुंता होताना पहिल्या वर्षात केस चांगलेच आखडतात आणि लांबी डोळ्यांदेखत कमी झाल्यासारखी वाटते. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे ही तूट भरून यायला वेळ लागतो. आरशातली ही आखूड, ताठ आणि भलतीकडे वळणारी जट पाहून अनेक जण याच टप्प्यावर धीर सोडतात. वास्तविक आखडणे हे जट आतून घट्ट होत असल्याचे लक्षण आहे.

सुरुवातीच्या आदल्या दिवशी केस कंडिशनर न वापरता, अवशेष न ठेवणाऱ्या शाम्पूने दोनदा धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. कंडिशनर आणि तेल केसांना निसरडे करतात आणि आपल्याला नेमके याच्या उलट हवे असते.

भांग पाडणे

या कामात घाई करू नये, कारण पुढे बदलायला सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे. डोक्यावर लहान चौकोन आखून प्रत्येक चौकोनातल्या केसांची एक जट होते. साधारण अडीच सेंटिमीटरच्या चौकोनातून बोटाएवढी जाड जट मिळते, दीड सेंटिमीटरच्या चौकोनातून पेन्सिलीएवढी, अर्थात केसांच्या घनतेप्रमाणे यात फरक पडतो. चौकोन एकाखाली एक सरळ रांगेत न आखता भिंतीतल्या विटांप्रमाणे आखावेत, म्हणजे वरच्या ओळीतील भांग खालच्या चौकोनाच्या मध्यावर येतो आणि टाळूवर लांबच लांब उघड्या रेषा दिसत नाहीत.

फार बारीक जटा आकर्षक दिसतात, परंतु जट लांब आणि जड झाली की तिचे सगळे वजन मुळाशी असलेल्या मोजक्या केसांवर येते. कपाळाजवळ आणि कानशिलांवर केस मुळातच नाजूक असतात. तेथे चौकोन थोडे मोठे ठेवावेत आणि अगदी कडेची लव जटेत ओढून घेऊ नये. डोक्याच्या मागच्या भागापासून सुरुवात करणे चांगले, म्हणजे हात बसेपर्यंत होणाऱ्या चुका झाकल्या जातात.

कोणती पद्धत निवडावी

घट्ट कुरळ्या केसांसाठी कॉइल ही सर्वांत सौम्य पद्धत आहे. केस किंचित ओलसर करून, बारीक दातांच्या कंगव्याच्या टोकाने मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच दिशेने गोल फिरवत स्प्रिंगसारखा पीळ द्यावा. सर्व बटांची दिशा एकच ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी मुळे वळताना आधीचा पीळ सुटतो. केस थोडे लांब असतील, तर दोन पेडांचा पीळ अधिक टिकतो आणि धुताना सहजी उलगडत नाही. त्याचे पेड पुढे कित्येक महिने दिसत राहतात, एवढीच काय ती उणीव.

सरळ केसांना पीळ धरत नाही, म्हणून त्यांच्यासाठी बॅककोंबिंग, म्हणजे कंगवा उलटा चालवून गुंता करणे, ही पद्धत उपयोगी पडते. बटेचा शेंडा एका हातात ताठ धरावा, बारीक धातूचा कंगवा मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर घालावा आणि केस टाळूच्या दिशेने हलकेच ढकलावेत. मुळाशी गच्च गादी तयार झाली, की तेवढेच अंतर पुढे सरकावे आणि अधूनमधून बट बोटांनी फिरवत राहावी, म्हणजे ती चपटी न होता गोल राहते. संपूर्ण डोके करायला एका व्यक्तीला सहज ६ ते १० तास लागतात, त्यामुळे काम दोन दिवसांत विभागणे दोघांच्याही हिताचे असते. मुळाशी आणि शेंड्याशी लावलेले लहान रबर दोन-तीन आठवड्यांत काढून टाकावेत. जास्त काळ राहिल्यास ते केस कापतात.

क्रोशाच्या सुईविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा सर्वाधिक उपयोग होतो आणि सर्वाधिक गैरवापरही तिचाच होतो. अर्धा ते पाऊण मिलिमीटरची सुई जटेच्या आरपार वेगाने आतबाहेर करून सुटे केस आत ओढले, की पहिल्याच दिवशी जट पिकलेल्या, म्हणजे पूर्ण मुरलेल्या, जटेसारखी घट्ट दिसते. मात्र सुईचा आकडा काही केस ओढतो आणि काही तोडतो. हे काम वारंवार केले, तर जट बाहेरून गुळगुळीत आणि आतून तुटक्या केसांनी भरलेली, ताठ अशी होते. बाहेर लोंबणारे केस वर्षातून दोन-तीनदा आत घेण्यापुरती सुई वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सुई जटेला आडवी आणि प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या कोनातून घालावी, जोर लागत असेल तर थांबावे.

शेवटचा मार्ग काहीच न करण्याचा आहे. केस धुवावेत, विंचरू नयेत आणि आपोआप तयार होणाऱ्या बटा मुळाशी एकमेकींपासून वेगळ्या करत राहाव्यात. जमैकातील रास्ताफारी समाजात केसांना कंगवा आणि कात्री न लावण्यामागे बायबलमधील नाझीर व्रताचा, म्हणजे देवाला वाहून घेताना केस न कापण्याच्या व्रताचा, आधार सांगितला जातो, आणि ही वाटही त्याच स्वरूपाची आहे. या पद्धतीत जटा लहानमोठ्या होतात, पण मुळांवर ताण जवळजवळ पडत नाही.

मेण मात्र कोणत्याही पद्धतीत लावू नये. मधमाश्यांचे मेण किंवा पेट्रोलियम जेली पाण्याने निघत नाही. ती जटेच्या गाभ्यात बसून धूळ आणि कापडाचे धागे धरून ठेवते, तसेच आतील ओल बाहेर पडू देत नाही. मेणाने केस गुंतत नाहीत, केवळ चिकटतात. हा फरक कळायला अनेकांना वर्ष जाते आणि तोवर मेण काढण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे कात्री.

धुणे आणि वाळवणे

जटा धुवायच्या नसतात, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. स्वच्छ केस एकमेकांना धरतात, तेलकट केस घसरतात. त्यामुळे धुण्याने जट लवकर पिकते. कॉइल किंवा पीळ असल्यास पहिले धुणे दोन-तीन आठवड्यांनी करावे आणि त्या वेळी डोक्यावर पातळ जाळी बांधावी. बॅककोंबिंग केलेल्या सरळ केसांना आठवडाभराची विश्रांती पुरते. त्यानंतर आठवड्यातून एकदा, आणि टाळू तेलकट असल्यास दोनदा धुण्यास हरकत नाही.

शाम्पू पाण्यात पातळ करून बोटांच्या पेरांनी टाळूवर चोळावा. जटांच्या लांबीवर वेगळा शाम्पू घासण्याची गरज नसते, खाली वाहणारा फेस पुरेसा असतो. मग प्रत्येक जट पिळत, पाणी नितळ येईपर्यंत आणि त्यानंतरही दोन मिनिटे धुवावे, कारण आत राहिलेला शाम्पू पुढे पांढुरक्या थरासारखा दिसू लागतो. खाण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात जटा बुडवण्याची पद्धत पुष्कळ सांगितली जाते, पण सोडा अल्कधर्मी असल्याने वारंवार वापरल्यास केस रूक्ष होऊन तुटतात. वर्षातून एक-दोनदाच ते करावे आणि नंतर पाण्यात चांगले पातळ केलेले व्हिनेगर वापरून भरपूर पाण्याने धुवावे.

धुण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते वाळवणे, आणि सर्वाधिक हयगय होते ती येथेच. पिकलेली जट स्पंजसारखी पाणी शोषते. बाहेरून ती दोन तासांत कोरडी लागली, तरी गाभ्यातील ओल जाड जटेत दिवसभर टिकू शकते. ओल राहिली की आत बुरशी धरते, ओल्या कपड्यासारखा कुबट वास येऊ लागतो आणि तो एकदा बसला की काढणे फार कठीण जाते. म्हणून सकाळी धुवावे, जटा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पिळाव्यात, मग मोकळ्या सोडून हवेवर वाळवाव्यात आणि मुळांशी मंद उष्णतेवर ड्रायर फिरवावा. ओल्या जटा बांधून ठेवू नयेत, टोपीखाली घालू नयेत आणि त्या घेऊन झोपू नये.

मुळांची निगा

नवीन वाढलेले केस मुळाशी मोकळे दिसू लागले, की ते पुन्हा पुन्हा वळण्याचा मोह होतो. ४ ते ६ आठवड्यांतून एकदा वळणे पुरेसे आहे. केस ओलसर असताना मूळ बोटांनी ठरलेल्या दिशेने फिरवावे आणि मग जट दोन्ही तळहातांमध्ये धरून वरून खालपर्यंत वळावी. सरळ केसांसाठी इंटरलॉकिंग करतात, म्हणजे जटेचा शेंडा मुळाजवळच्या केसांतून ओवून काढतात. यात ओवण्याची दिशा प्रत्येक वेळी बदलणे अत्यावश्यक आहे. एकाच बाजूने ओवत राहिल्यास मूळ दुभंगते आणि जटेत भोक पडते.

वळल्यानंतर टाळू ठणकत असेल, मुळांशी बारीक पुटकुळ्या येत असतील किंवा कपाळाची केसरेषा मागे सरकत असेल, तर ही ताणामुळे होणाऱ्या केसगळतीची सुरुवात आहे. ती लवकर ओळखली तर केस परत येतात, पण ओढ वर्षानुवर्षे चालू राहिल्यास केसांची मुळे कायमची निकामी होतात. अशा वेळी वळणे, उंच बांधणे आणि घट्ट वेणी घालणे लगेच थांबवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शेजारच्या जटा मुळाशी एकमेकींत मिसळतात, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर, केस अजून ओलसर असताना, दोन जटा धरून हळूच वेगळ्या कराव्यात. ही सवय मोडली तर महिनाभरात कात्रीशिवाय पर्याय उरत नाही.

झोपताना डोक्याला सॅटिनचे फडके बांधावे किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा घालावा. लोकरी आणि सुती कापडाचे तंतू जटेत शिरले की कायमचेच राहतात, आणि गडद केसांवर ते ठळक दिसतात. तेल लावायचेच असेल, तर होहोबासारख्या हलक्या तेलाचे चार-पाच थेंब टाळूवर पुरतात. सरळ केसांना पहिले सहा महिने तेही लावू नये.

जटा सोडवायच्या असल्यास

मुंडण हाच एक मार्ग आहे, असे नाही. शेंड्याकडचा थोडा भाग कापून, जट कोमट पाण्यात भिजवून, भरपूर कंडिशनर लावून धातूच्या कंगव्याच्या टोकाने खालून वर एकेक सेंटिमीटर उलगडत जावे. एका जटेला अर्धा तास ते दोन तास लागू शकतात आणि संपूर्ण डोक्याला कित्येक दिवस. या वेळी केसांचा मोठा ढीग निघतो, त्याने घाबरू नये; वर्षानुवर्षे गळून जटेतच अडकलेले ते केस असतात. उलगडलेल्या केसांना पुढचे काही आठवडे ब्लीच, उष्णता आणि घट्ट बांधणी यांपासून दूर ठेवावे.