हणजूण-वागातोरच्या हॉस्टेलात राहायचं तर: खाट निवडण्यापासून चेक-आऊटपर्यंत

हॉस्टेलात पैसे मोजायचे ते एका खाटेचे. खोली, बाथरूम, आरसा, पंखा, एसीचा रिमोट हे सगळं आणखी पाच ते अकरा अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यायचं असतं. म्हणून भिंतीवरची चित्रं आणि अंगणातले झोपाळे बघून हॉस्टेल ठरवू नका. आपल्या वाट्याला कुठली खाट येणार आणि तिच्या आजूबाजूला काय आहे, हे आधी विचारा. पुढचं सगळं गोव्यातल्या हणजूण-वागातोर (अंजुना-वागातोर) पट्ट्याला धरून लिहिलं आहे, कारण हॉस्टेलांची खरी दाटी तिथे आहे. हरमल (अरंबोल), मांद्रे किंवा दक्षिणेकडच्या पाळोळ्यालाही (पालोलेम) यातलं बहुतेक लागू पडतं.

हॉस्टेल कधी परवडतं

एकट्या माणसाला जवळजवळ नेहमीच परवडतं. पावसाळ्यात डॉर्ममधली, म्हणजे सामाईक खोलीतली, खाट साधारण ४०० ते ७०० रुपयांना मिळते, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ७०० ते १,५००. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात भाव दुप्पट-तिप्पट होतात, आणि तीन-चार रात्री एकदम घेण्याची अट असते. दोघं असाल तर गणित बदलतं. ७०० च्या दोन खाटा म्हणजे १,४०० रुपये, आणि बिगर-हंगामात तेवढ्यात एखाद्या गोवेकर कुटुंबाच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वतंत्र बाथरूमची खोली मिळून जाते. चौघांच्या गटाने हॉस्टेल घ्यायचंच असेल तर चार खाटांचा अख्खा डॉर्म मागावा.

बिलाकडेही नजर असू द्या. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी तो १२ होता. ॲपवर दिसणारा भाव बहुतेकदा कर सोडून असतो. हॉस्टेलला थेट फोन केलात तर त्याच खाटेचे थोडे कमी पैसे पडू शकतात.

लहान मुलांना डॉर्ममध्ये घेत नाहीत. वय १८ पूर्ण हवं, आणि काही ठिकाणी वरचीही मर्यादा असते. पन्नाशीच्या माणसाने पैसे भरण्याआधी नियम वाचून घ्यावा.

बुकिंगआधी काय बघायचं

पहिला प्रश्न बाथरूमचा. किती खाटांमागे एक? सहामागे एक असेल तर निवांत, आठपर्यंत चालून जातं. दहा-बारामागे एक असेल तर सकाळी साडेनऊला, म्हणजे ऐन चेक-आऊटच्या घाईत, टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभं राहावं लागतं. संडास आणि न्हाणी वेगवेगळी असतील तर हाच आकडा बराच सुसह्य होतो. हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं, फोन करून विचारावं लागतं.

दुसरा प्रश्न आवाजाचा. उघड्यावर मोठ्याने संगीत वाजवायला रात्री १० नंतर कायद्याने बंदी आहे, पण वागातोरच्या डोंगराकडेच्या भागात त्या भरवशावर झोपायची आशा धरू नका. नकाशावर हॉस्टेलभोवती ३०० मीटरमध्ये किती क्लब आणि बार आहेत ते मोजा. झोप हवी असेल तर हणजूणच्या आतल्या वाड्यांत किंवा आसगावच्या बाजूला राहा. समुद्र दोन-तीन किलोमीटर लांब पडतो आणि स्कूटर लागतेच, तेव्हा तो खर्च खाटेच्या भाड्यात धरूनच तुलना करा. हॉस्टेलच्या स्वतःच्या अंगणातली गाणी किती वाजता बंद होतात, हेही विचारायचं.

तिसरा, एसीच्या वेळा. पुष्कळ ठिकाणी एसी रात्री आठ-नऊ ते सकाळी नऊ-दहा एवढाच चालतो. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी नाही. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर जनरेटर आहे का, हे स्पष्ट विचारा.

रिव्ह्यू वाचताना सर्वांत नवे आधी लावा आणि गेल्या तीन महिन्यांचेच धरा. हॉस्टेलातले कर्मचारी हंगामागणिक बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं कौतुक आज फारसं कामाचं नाही. बहुतेक रिव्ह्यू इंग्रजीत असतात, म्हणून ढेकूण, पाणी, आवाज आणि लॉकर यांचे इंग्रजी शब्द टाकून शोधा. फोटो मालकाने टाकलेले नकोत, राहून गेलेल्यांचे बघा. त्यांतच बाथरूमचा खरा कोपरा दिसतो.

एकट्या जाणाऱ्या बाईने आणखी चार गोष्टी पक्क्या कराव्यात: फक्त बायकांचा डॉर्म आहे का, त्याचं दार कार्डाने किंवा कोडने उघडतं का, रात्री काउंटरवर माणूस असतो का, आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतच्या गल्लीत दिवे आहेत का. शेवटची गोष्ट कुणी विचारत नाही, आणि हणजूणच्या आतल्या वाटा सूर्यास्तानंतर गडद अंधाऱ्या असतात.

पोचणं आणि मधले चार तास

या पट्ट्याचं जवळचं स्टेशन थिवी. मुंबईहून येताना मडगावपर्यंत गेलात तर उलटं परत यावं लागतं. (हरमलला पेडणे, पाळोळ्याला काणकोण.) रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, आणि हंगामात कोकणकन्या फार लवकर भरते. म्हणून आधी गाडी, मग खाट, या क्रमाने जा. थिवीहून म्हापसा दहा-अकरा किलोमीटर, तिथून हणजूण आणखी आठेक. म्हापशाच्या स्टँडवरून हणजूण-वागातोर-शापोऱ्याकडे खासगी मिनीबस सुटतात, पण अंधार पडल्यावर त्या विरळ होतात. ओला-उबर इथे चालत नाही. टॅक्सीसाठी गोवामाइल्सचं ॲप आहे, आणि एकट्याला, एका पिशवीनिशी, पायलट सर्वांत सोयीचा. पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या रंगाची परवानाधारक मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसायच्या आधी ठरवायचं.

कोकणकन्येने सकाळी उतरणाऱ्याला एक अडचण हमखास येते. चेक-इन दुपारी एक किंवा दोनला असतं. सामान ठेवून घेतात, खाट मिळत नाही. म्हणून पाठपिशवी भरताना पंचा, पोहण्याचे कपडे, चपला, चार्जर आणि कुलूप सर्वांत वर ठेवा, म्हणजे काउंटरसमोर सगळी पिशवी उपसावी लागणार नाही. मधला वेळ म्हापशातच काढला तर उत्तम: पातळ भाजी आणि पाव खाऊन पोट भरतं, आणि शुक्रवार असेल तर बाजारही बघून होतो.

ओळखपत्र म्हणून आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत काढून ठेवा. बऱ्याच हॉस्टेलांत स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र घेत नाहीत, त्यामुळे आधारवर गोव्याचा पत्ता असणाऱ्यांनी फोन करूनच निघावं. रात्री दहानंतर पोचणार असाल तर तसं आधी कळवा, नाहीतर तुम्ही आलाच नाहीत असं धरून खाट दुसऱ्याला दिली जाते.

खाटेवर पिशवी टाकण्याआधी

पिशवी जमिनीवरच ठेवा आणि आधी गादी तपासा. चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण मोबाइलच्या टॉर्चने बघा, मग लाकडी पट्ट्यांचे सांधे आणि स्क्रूची भोकं. शाईच्या पेनने टोचल्यासारखे काळे ठिपके किंवा तपकिरी, पातळ टरफलं दिसली तर ढेकूण आहेत. अशा वेळी खाट बदलून उपयोग नसतो, खोली बदलून मागा. कारण दोन गाद्यांमधलं अंतर ढेकूण एका रात्रीत चालून जातो. शंका राहिलीच तर घरी गेल्यावर कपडे घरात न पसरता थेट ६० अंशांच्या पाण्यात टाका.

वरची खाट की खालची? खालची सोयीची, पण पडदा ओढला की एसीची हवा आत येत नाही आणि कोंडतं. वरची हवेशीर, मात्र एसीच्या झोताखाली आली तर पहाटे हुडहुडी भरते. ती घेतलीत तर एक सुती चादर जवळ ठेवा. दाराशेजारची आणि बाथरूमला लागून असलेली खाट टाळा, रात्रभर येणं-जाणं चालू असतं. खाटेजवळचा प्लग चालतो का, ते लगेच बघा, रात्री बारा वाजता नव्हे.

कुलूप घरून आणा. हॉस्टेलात विकत मिळतं ते महाग आणि तकलादू असतं. ३० ते ४० मिलिमीटरचं, बारीक कडीचं घ्या. सायकलीचं जाड कुलूप लॉकरच्या छिद्रातून जातच नाही, इथेच बहुतेक जण अडतात. आकड्यांचं असेल तर समुद्रावर किल्ली सांभाळावी लागत नाही. मात्र खाऱ्या हवेने चकत्या घट्ट होतात, म्हणून निघण्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

ओले कपडे, वाळू आणि पंचा

जाड टर्किश टॉवेल आणू नका. तो किनाऱ्यावरच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. आपला साधा सुती पंचा इथे सर्वांत कामाचा. दोन आणा, एक अंगासाठी, एक वाळूवर पसरायला. वाऱ्यावर टाकला की दोन-तीन तासांत सुकतो, आणि घडी घातली की मूठभर होतो.

समुद्रातून आल्यावर कपडे नुसते पिळून टाकले तर ते सुकल्यासारखे वाटतात आणि संध्याकाळी पुन्हा ओलसर लागतात. कापडात राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून आधी गोड्या पाण्यात दोनदा खळबळून काढा, पिळा, मग कोरड्या पंच्यात गुंडाळून गुडघ्याने दाबा. अर्धं पाणी तिथेच पंच्यात उतरतं. त्यानंतर बाहेर वाऱ्यावर. खाटेच्या कठड्यावर वाळत घालू नका, खालच्या माणसाच्या उशीवर थेंब पडतात आणि डॉर्ममधली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. तीन मीटर दोरी आणि सहा चिमटे पिशवीत असू द्या. पावसाळ्यात जीन्स आणूच नका.

पायाची वाळू अंगणातल्या नळावर धुऊनच आत जायचं. ती न्हाणीच्या जाळीत बसली की पाणी तुंबतं आणि पुढच्या प्रत्येकाला घोट्याएवढ्या गढूळ पाण्यात उभं राहून अंघोळ करावी लागते.

डॉर्ममधली रीत

पहाटे निघायचं असेल तर पिशवी रात्रीच भरून बाहेरच्या बैठकीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांची खसखस अख्ख्या खोलीला जागं करते, म्हणून कपडे कापडी पिशव्यांत बांधा. रात्री खोलीचा दिवा लावायचा नाही, खाटेवरचा छोटा दिवा किंवा मोबाइल पुरतो. फोनवर बोलणं बाहेर. कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी मात्र स्वतःची आणा, कारण घोरण्यावर कुठलाही नियम चालत नाही.

खाणं खोलीत ठेवलं की मुंग्या आणि त्यांच्यामागून उंदीर येतात. फ्रिज असेल तर डब्यावर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर सफाईत तो फेकला जातो. सगळीकडे पाहुण्यांसाठी स्वयंपाकघर नसतं, कारण पुष्कळ हॉस्टेलं आता स्वतःचा कॅफे चालवतात. तिथली न्याहारी महाग पडते. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याच्याकडून गरम पोई किंवा उंडे हे गोव्याचे पाव घ्यावेत. दुपारी गावातल्या साध्या खाणावळीत शीतकडी, म्हणजे भात आणि माशांची आमटी.

स्कूटर आणि समुद्र

भाड्याची स्कूटर काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, ती भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. साधारण दर दिवसाला ३५० ते ५००, डिसेंबरअखेर दुप्पट. घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ मालकासमोर काढा आणि जुने ओरखडे बोलून दाखवा. ब्रेक, हॉर्न आणि मागचं टायर बघा. अनामत म्हणून मूळ आधार किंवा परवाना देऊ नका. हेल्मेट दोघांनाही लागतं. दारू पिऊन चालवलीत तर पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

समुद्रात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. लाल झेंडा असेल तर पाणी कितीही शांत दिसो, आत जायचं नाही. जून ते सप्टेंबर पोहणं बंदच समजा. दृष्टी मरीन या कंपनीचे जीवरक्षक दिवसा असतात, अंधारात तुम्हाला बघायला कुणी नाही. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. ओढीचा पट्टा अरुंद असतो, म्हणून आधी किनाऱ्याला समांतर पोहत त्यातून बाजूला निघा, मग बाहेर या. हणजूण आणि वागातोरला वाळूच्या मधे काळे खडक आहेत, भरतीत ते दिसत नाहीत आणि शेवाळाने निसरडे असतात. किनाऱ्यावर दारू पिण्याला आणि बाटल्या फोडण्याला दंड आहे.

निघायच्या दिवशी

चेक-आऊट दहा-अकराला आणि परतीची कोकणकन्या संध्याकाळी. मधल्या वेळात सामान ठेवून बाथरूम वापरता येईल का, हे आदल्या रात्रीच विचारून घ्या. काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लागतात. उशीखाली, लॉकरच्या मागच्या कोपऱ्यात आणि प्लगवर एकदा हात फिरवा. चार्जर, पंचा आणि कुलूप याच तीन गोष्टी विसरल्या जातात. किल्लीची अनामत लगेच मागून घ्या. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या त्याच दिवशी पुन्हा तपासा. हणजूणहून गाडीच्या दोन तास आधी निघालात तर थिवीला पोचायला घाई होत नाही. शुक्रवार असेल तर म्हापशात बाजारामुळे रस्ता तुंबतो, तेव्हा आणखी अर्धा तास हाताशी ठेवा.