घरी कॉफी भाजायची? आधी दोन चाळण्या आणा

पैसे वाचतील म्हणून भाजायला निघाला असाल तर राहू द्या. किलोभर कच्च्या बिया भाजून साधारण ८५० ग्रॅम उरतात, वर गॅस, वर करपलेले घाणे. माटुंग्यात ताजी दळून देणारी दुकानं आहेत. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नको म्हणायचं, संपला विषय. पण त्याच बियांची चव कुठल्या क्षणी बदलते हे स्वतःच्या नाकाने कळून घ्यायचं असेल, तर खटाटोप वसूल आहे.

मशीन आत्ता घेऊ नका. पॉपकॉर्नचंही नको. जाड लोखंडी कढई, लाकडी उलथणं, १५०-२०० ग्रॅम बिया, बस. अरेबिका जातीच्या कॉफीतला 'पीबी', म्हणजे पीबेरी, मागा. तो दाणा गोलसर असतो, कढईत लोळतो आणि सगळीकडून भाजतो. चपटा दाणा एकाच अंगावर पडून करपतो.

आता मी जिथे फसलो ते. आपल्या हाताला शेंगदाण्यांची सवय असते: गॅस बंद करायचा, दाणे गरम कढईतच सोडायचे, उरलेल्या धगीवर खुसखुशीत होतात. कॉफीत हीच सवय घात करते. साधारण १९६ अंशांना फट्-फट् आवाज येतो, तो फर्स्ट क्रॅक. त्यानंतर दाणा आतूनही उष्णता सोडायला लागतो आणि कढईही तापलेली असतेच. गॅस बंद करताना छान तपकिरी दिसणारा दाणा बघता बघता काळपट होतो, वर तेल चकाकतं, बारीक चुरचुर ऐकू येते. तो सेकंड क्रॅक, तोही बंद गॅसवर! म्हणून हवा त्या रंगाच्या जरा आधीच उतरवा आणि लगेच चाळणीत ओता. या चाळणीतून त्या चाळणीत, टेबल फॅनसमोर, चार-पाच मिनिटांत दाणे हातात धरवले पाहिजेत. सालं उडतात, तेव्हा बाल्कनीत उभे राहा आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना, तेवढं बघा.

वर्कशॉपवाले गुरू तापमानाचे आलेख दाखवतात. कढईला आलेख नसतो. रवा नीट भाजणारी आई किंवा आजी शेजारी उभी करा; कच्चा वास कधी गेला हे तिला बरोबर कळतं. फक्त गॅस बंद झाल्यावर तिचं ऐकू नका.

जूनमध्ये पाच किलोची गोणी अजिबात घेऊ नका. कच्च्या बियांत ओलावा १०-१२ टक्के हवा, मुंबईचा पावसाळा तो वाढवतो. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी मुद्दाम दमट वाऱ्यावर ठेवतात हे खरं, पण ते किनाऱ्यावरच्या गोदामांत, माणसं ढीग वरखाली करत असताना. तुमच्या ओट्याखाली नुसती बुरशी येईल.

भाजल्या दिवशीच फिल्टर लावू नका. दाण्यातला वायू जायला दोन-तीन दिवस द्या.

पहिला घाणा बहुधा कडू होईल. सगळ्यांचाच होतो. फेकू नका, पिऊन बघा आणि पुढचा अर्धं मिनिट आधी उतरवा.