दोन सॉकेटच्या सर्व्हरवर प्रोग्रामला जवळची मेमरी कशी मिळवून द्यावी

आपली मेमरी सलग आणि एकसारखी आहे, असा भास ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला करून देते. एरवी तो सोयीचाच असतो. परंतु दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर बसवलेल्या सर्व्हरवर प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी जोडलेली असते आणि शेजारच्या मेमरीतून माहिती आणण्यास अधिक वेळ लागतो. दुकान सराफ्यात आणि गोदाम दूर देवास नाक्यावर असले की काय होते, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

लिनक्सवर प्रथम मेमरीची ही मांडणी दाखवणारी व ठरवणारी ‘न्यूमासीटीएल’ ही कमांड ‘हार्डवेअर’ या पर्यायासह चालवावी. प्रत्येक नोडचे (म्हणजे प्रोसेसर आणि त्याला जोडलेली मेमरी यांच्या गटाचे) कोर, म्हणजे गणना करणारे भाग, मेमरी आणि शेवटी अंतरांचा तक्ता दिसतो. त्यात स्वतःच्या नोडचे अंतर १० असते, दुसऱ्याचे बहुधा २० किंवा २१. हे नॅनोसेकंद नव्हेत. फर्मवेअरने (यंत्रात आधीच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) सांगितलेले ते तुलनेचे आकडे आहेत, त्यामुळे त्यांवर फार विसंबू नये.

प्रोग्राम एका नोडमध्ये मावत असेल तर त्याच कमांडच्या ‘सीपीयूनोडबाइंड’ने कोर आणि ‘मेमबाइंड’ने मेमरी एकाच नोडला बांधावी. मात्र ‘मेमबाइंड’ कडक आहे: त्या नोडची मेमरी संपली की दुसरीकडे रिकामी जागा असूनही प्रोग्राम मारला जाऊ शकतो. म्हणून मी ‘प्रेफर्ड’च पसंत करतो; तो आधी सांगितलेल्या नोडवर जागा शोधतो आणि ती नसेल तर दुसरीकडून घेतो.

खरी मेख पुढे आहे. विजयनगरमधील आमच्या छोट्या कार्यालयात १६ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या १६ कामांचा) एक प्रोग्राम ८ थ्रेडच्या पुढे वेगच घेईना. कोणत्या नोडवर किती मेमरी आहे हे दाखवणाऱ्या ‘न्यूमास्टॅट’ला त्याचा प्रोसेस क्रमांक दिला, तेव्हा जवळजवळ सगळी मेमरी नोड शून्यच्या रकान्यात दिसली. मेमरी मागण्याचे फंक्शन ‘मॅलॉक’ केवळ पत्ते राखून ठेवते. मेमरीचे प्रत्यक्ष पान (वाटपाचा तुकडा), सहसा ४ केबीचे, पहिल्यांदा लिहिताना मिळते आणि तेही लिहिणाऱ्या कोरच्या नोडवर. आमचा मुख्य थ्रेड सुरुवातीलाच सगळा अॅरे शून्यांनी भरत होता, म्हणून सगळी पाने त्याच्याच नोडवर गेली. ते काम विभागून, ज्या थ्रेडला जो भाग पुढे वापरायचा आहे तो त्यानेच भरावा, अशी रचना करावी आणि थ्रेड कोरला बांधावेत. नाहीतर शेड्युलर (थ्रेडना कोर वाटून देणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग) त्यांना हलवतो आणि केलेली मांडणी वाया जाते. २ एमबीची मोठी पाने वापरात असतील तर भागांच्या सीमाही त्याच मापाने आखाव्यात.

सामायिक हॅश टेबलसारख्या, कोणीही कुठूनही वाचणाऱ्या माहितीसाठी ‘इंटरलीव्ह’ने पाने दोन्ही नोडवर आळीपाळीने वाटावीत. प्रत्येक बदलानंतर ‘न्यूमास्टॅट’ पुन्हा पाहावे आणि वेळ प्रत्यक्ष मोजावी.