रात्री खाज सुटण्याआधी करून ठेवायची तयारी

दिवसभर कामाच्या नादात विसरलेली खाज अंथरुणाला पाठ टेकली की डोकं वर काढते. पांघरुणात अंग तापतं, मन कशात गुंतलेलं नसतं आणि हात आपोआप चालू होतो. अर्धवट झोपेत उठून मलम शोधेपर्यंत पोटरी ओरबाडून झालेली असते. म्हणून सगळी जमवाजमव संध्याकाळीच करा.

आधी नखं कापा आणि कानशीने कडा घासून घ्या, कारण नुकतंच कापलेलं नख जास्त धारदार असतं. लहान मुलांना झोपताना सुती हातमोजे घाला.

मग अंघोळ, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. कढत पाण्याने खाज क्षणभर निवल्यासारखी वाटते, पण तेच पाणी त्वचेचा तेलकटपणा धुऊन नेतं आणि नंतर खाज आणखी जोराने उठते. पाणी कोमटच घ्या आणि 5 ते 10 मिनिटांत आटोपा. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरताच लावा. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, तर वडीचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो. टॉवेलने अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा डबा न्हाणीघरातच उघडून ठेवा, म्हणजे अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांत, हात तिकडे जाईल. पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली बरी. नडगीवर सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा दिसतात ना, तिथे ती लावल्यावर पांढरे पापुद्रे लगेच बसतात. उद्या पुन्हा लावायची आहेच.

उशाशी वाडगाभर थंड पाणी आणि एक स्वच्छ रुमाल ठेवा. खाज उठली की पिळलेला रुमाल 5-10 मिनिटं तिथेच धरून ठेवायचा. बर्फ घ्यायचा तर कापडात गुंडाळूनच. शेजारी कॅलामाइनची, म्हणजे खाज शमवणाऱ्या गुलाबी लोशनची, बाटली असू द्या. जखम झालेल्या जागी मात्र ते लावू नका. काहीच हाताशी नसेल तर तळव्याने दाबून धरा, पण नख लावू नका.

कपडे सैल, सुती. लोकर थेट अंगाला नको. चादरी एकदा जास्त खंगाळा, खोली थंड ठेवा.

एक वहीही हवी. नवा साबण, नवं औषध, खाज कुठे आणि केव्हा, हे लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. दुसऱ्याचं उरलेलं मलम लावू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं. बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरजेची शंका घ्या. तिचे उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात. दोन आठवड्यांत उतार नाही, डोळे पिवळे दिसतात, वजन घटतं किंवा ताप येतो, तर घरगुती उपाय थांबवून तपासून घ्या. ओठ सुजले किंवा श्वास अडखळू लागला, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.