कायमच्या गिऱ्हाइकासाठी स्टिकर योजना: बाजारपेठेचा फील्ड प्रोजेक्ट कसा करावा

गावातल्या व्यापाऱ्यांसाठी एखादी बक्षीस योजना, म्हणजे ठरावीक खरेदीवर मिळणारे स्टिकर कार्डावर चिकटवायचे आणि कार्ड भरले की त्याबदली माल न्यायचा अशी योजना, सुचवायची असे ठरले, की बहुतेक विद्यार्थी पहिल्याच दिवशी कार्डाचे डिझाइन किंवा मोबाइल अ‍ॅप करायला बसतात. माझी आग्रहाची विनंती आहे, की ते काम शेवटी ठेवावे आणि सुरुवात दुकानातल्या उधारीच्या वहीपासून करावी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी एखादे शेतकरी कुटुंब वर्षानुवर्षे एकाच किराणा दुकानाला धरून असते, त्याचे मोठे कारण म्हणजे सोयाबीन विकून पैसा हाती येईपर्यंत तो दुकानदार थांबतो. एका किराणा दुकानदाराने माझ्या विद्यार्थ्यांसमोर लाल कापडी बांधणीची वही उघडली, एका पानावरच्या नावांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "पोरांनो, माझं गिऱ्हाईक या वहीत हाय. तुमच्या कार्डानं त्याला वेगळं काय मिळणार?" तुमच्या प्रकल्पाने प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे आहे ते याच प्रश्नाचे.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त पाहावे आणि मोजावे. "अशी योजना आवडेल का?" असे विचारू नये, कारण समोर उभ्या असलेल्या मुलांना कोणताही भला माणूस होच म्हणतो. त्याऐवजी परवानगी घेऊन गल्ल्याजवळ बसावे. किती गिऱ्हाइके आली, त्यांतली किती दुकानदाराने नावाने हाक मारून ओळखली, किती जणांनी रोख, किती जणांनी यूपीआयने आणि किती जणांनी वहीवर माल नेला, हे टिपावे. आठवडी बाजाराचा एक दिवस आणि एक साधा दिवस, दोन्ही घ्यावेत. लोकांच्या उधारीचे आकडे मात्र तुमच्या वहीत उतरवू नयेत.

यानंतर येतो नफ्याचा हिशोब, आणि सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. समजा, किराणा दुकानदाराला १०० रुपयांच्या विक्रीवर ६ रुपये सुटतात आणि कापड दुकानदाराला २५. दोघांनीही १ टक्का बक्षीस दिले, तर तोच नफा टिकवण्यासाठी किराण्याची विक्री २० टक्क्यांनी वाढावी लागेल. कापडाची मात्र सुमारे ४ टक्क्यांनी वाढली तरी भागेल. एकच दर सर्वांना लावला, की किराणावाला महिनाभरात बाहेर पडतो, यात त्याचा काही दोष नाही. तेव्हा कापड दुकानात २०० रुपयांना एक स्टिकर असेल, तर किराण्यात ४०० रुपयांना एक ठेवावा, आणि साखर, तेल यांसारख्या ज्या मालावर जेमतेम सुटते तो माल दुकानदाराच्या सांगण्यावरून वगळावा.

एका दुकानात मिळालेले बक्षीस दुसऱ्या दुकानात वापरले, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरून अशा योजनांत भांडणे होतात. यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे स्टिकर आगाऊ विकत घेणे. अमेरिकेत १८९६ साली सुरू झालेल्या हिरव्या स्टॅम्पांची योजना याच पायावर उभी होती. दुकानदाराने व्यापारी संघाकडून प्रत्येकी २ रुपयांना स्टिकर घ्यावेत, २० स्टिकरांचे कार्ड भरले की गिऱ्हाइकाने सहभागी असलेल्या कोणत्याही दुकानातून ४० रुपयांचा माल न्यावा, आणि त्या दुकानदाराने भरलेले कार्ड संघाकडे देऊन आपले ४० रुपये घ्यावेत. पैसा संघाच्या स्वतंत्र बँक खात्यात राहावा. विद्यार्थ्यांनी त्याला हात लावू नये. अर्धवट राहिलेल्या कार्डांचे पैसे उरतील, असे धरून छपाईचा खर्च त्यातून काढण्याचा मोह होतो, पण तो खर्च आधीच वेगळा मांडावा.

उधारीवर नेलेल्या मालाला स्टिकर खरेदीच्या दिवशी न देता पैसे चुकते झाले त्या दिवशी द्यावा, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास खाते मिटवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती भरलेली कार्डे पडतात आणि दुकानदाराची वसुलीही सुलभ होते. त्या दुकानदाराच्या प्रश्नाला माझ्या मते हेच सर्वांत चांगले उत्तर आहे. याच कारणासाठी कार्डाची मुदत किमान एक वर्ष असावी. तीन महिन्यांची मुदत पगारदाराला चालते. हंगामावर जगणारे घर तिच्यात बसत नाही.

चाचणीसाठी १० ते १२ दुकाने पुरेत, मात्र ती वेगवेगळ्या मालाची आणि पायी फिरता येतील अशी असावीत. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एका वर्तुळाला येऊन मिळतात आणि सराफा, चपला, मिरची, गूळ असे बाजार त्या रस्त्यांवर विभागलेले आहेत. मिरची घ्यायला आलेली मावशी शेजारच्या रस्त्यावर चप्पल घ्यायलाही वळली का, हे तुम्हाला मोजायचे आहे. त्यासाठी प्रत्येक दुकानाला स्टिकरचा वेगळा रंग द्यावा, म्हणजे भरलेले कार्ड पाहताच गिऱ्हाईक कुठे कुठे फिरले ते कळते आणि कोणाचाही मोबाइल क्रमांक घ्यावा लागत नाही. क्रमांक घ्यायचाच असेल, तर वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेऊन स्पष्ट संमती घ्यावी. लकी ड्रॉ मात्र टाळावा, कारण विक्री वाढवण्यासाठी काढलेल्या सोडती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकतात. संघाकडून मिळणारे ४० रुपये जीएसटीच्या हिशोबात सूट धरायचे की मालाचा मोबदला, हे संघाच्या सीएंकडून लेखी घ्यावे.

चाचणी बंद करण्याची तारीख प्रत्येक दुकानावर महिनाभर आधी मराठीत लावावी, आणि अर्धवट कार्डांवरही स्टिकरमागे २ रुपये याप्रमाणे माल द्यावा. सात स्टिकर घेऊन आलेल्या आजीला १४ रुपयांचा गूळ मिळाला पाहिजे, आणि ही अट योजना सुरू होण्यापूर्वीच कार्डाच्या मागे छापलेली असावी.