चिखलाचे पाय धुवायला भोकाचं झाकण
गंगापूर धरणाच्या काठावर मुलं खेळली की पायाला काळी चिकट माती बसते. ओल्या टिश्यूने ती निघत नाही, नुसती पसरते.

घरीच एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने ५-६ भोकं पाडा. (स्टीलची बाटली नको, ती दाबली जात नाही.) नेताना मात्र साधं झाकण लावा, नाहीतर पिशवी भिजते. धरणावरून परत निघायच्या वेळी भोकाचं झाकण लावा, बाटली उलटी धरून दाबा. आधी बोटांच्या बेचक्या, मग टाचा. एका लिटरमध्ये दोन मुलांचे पाय आरामात होतात.

पाय धुवायला पाण्याच्या कडेला नेऊ नका. पाणी ओसरलेल्या जागी गाळ वरून सुकलेला दिसतो, आत मऊच असतो, पाय रुततो.